पिकअपचे मागचे पाटे: गाडी मऊ चालावी म्हणून काय बदलायचं, काय नाही

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पिकअप आहे, त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांना ती रिकामी चालवायला आवडते, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, सगळे हात खाली आले.

आजचा विषय एवढाच आहे. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरले, आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरला, कल्याणला माल टाकला. जाताना गाडी कशी चालते? गादीवर बसल्यासारखी. आणि परत येताना? हौद्यातले रिकामे क्रेट उडतात, प्रत्येक खड्ड्याला मागून गचका बसतो, आणि घरी पोचेपर्यंत कंबर धरलेली असते. रस्ता तोच, गाडी तीच, ड्रायव्हर तोच. मग फरक कशाचा?

यावर उपाय म्हणून आपल्याकडे दोन गोष्टी चालतात. गाडी मागून बसते म्हणून एक जण दोन पाटे वाढवतो. गाडी आपटते म्हणून दुसरा दोन पाटे काढतो. दोघंही गॅरेजमधून खूश होऊन निघतात आणि दोघंही काही महिन्यांनी परत येतात. पाट्याचं काम नेमकं कसं चालतं हे कळलं तर तुमचे हे पैसे वाचतील, आणि पाठही.

पाटा करतो काय

पाटा म्हणजे कमानीसारखी वाकवलेली पोलादी पट्टी. अशा पट्ट्या एकावर एक ठेवून मधोमध सेंटर बोल्टने धरलेल्या असतात आणि यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेल्या असतात. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात आणि त्यात बुश बसतं. पुढचं टोक चेसिसच्या हँगरला पक्कं असतं. मागचं टोक शॅकलला लटकतं, कारण वजन आलं की कमान सरळ होते, सरळ झाली की पाटा लांबतो, आणि त्या लांबण्याला जागा लागते. शॅकल ती जागा देते.

ही जुनी युक्ती आहे. ओबडाया इलियट नावाच्या इंग्रज माणसाने १८०४ साली घोडागाडीसाठी अशा कमानी स्प्रिंगचं पेटंट घेतलं होतं. आपल्या टांग्यांनाही पाटे होतेच. मोटारी आल्या, कॉइल स्प्रिंग आल्या, तरी मालगाडीच्या मागच्या ॲक्सलला पाटेच राहिले. कारण पाटा एकटा तीन कामं करतो. वजन पेलतो. ॲक्सल जागेवर धरतो. आणि इंजिनाने चाक फिरवताना किंवा ब्रेक लागताना ॲक्सलला जो पीळ बसतो, तोही सोसतो. पाटे काढणारे ही शेवटची दोन कामं विसरतात. पाटे कमी केले की चढावर पहिला गिअर टाकताना उरलेला पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, ॲक्सल थरथरते, आणि एक दिवस मेन पाटा तुटतो. तो हँगरजवळ तुटला तर ॲक्सल जागा सोडते. भरल्या गाडीला घाटात असं झालं तर काय होईल, ते मी सांगायला नको.

थोडं गणित, पण कामाचं

पाट्यांचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो. पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात तो वाढतो: पाच पाट्यांचे सात केले तर साधारण १.४ पट. जाडीच्या घनाने वाढतो: ७ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटर जाडीचे पाटे घातले, तर ७ चा घन ३४३ आणि ८ चा घन ५१२, म्हणजे जवळजवळ दीडपट. "एकच एमएम जाड आहे, काही फरक पडत नाही" असं दुकानात कुणी म्हणालं तर हे आठवा. आणि लांबीच्या घनाने कडकपणा कमी होतो: पाटे १० टक्के लांब असले तर कडकपणा पाऊणपटीवर येतो. लांब पाट्यांची गाडी मऊ का चालते, याचं उत्तर तिथे आहे.

आता दुसरी गोष्ट. स्प्रिंगवर बसलेलं वजन एका सेकंदात किती वेळा वरखाली होतं, त्यावर गाडी मऊ की कडक हे आपल्याला जाणवतं. त्याचा सोपा हिशोब आहे. वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. सेकंदाला एक ते दीड हेलकावे असतील तर प्रवासी कारसारखं सुख. दोनच्या पुढे गेलं की गचके सुरू. माणसाचं बसलेलं शरीर वरखाली हादऱ्यांना सगळ्यात हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात.

उदाहरणासाठी एक पिकअप धरू. रिकामी असताना मागच्या पाट्यांवर ५०० किलो, भरल्यावर १८०० किलो. दोन्ही बाजूंचे पाटे मिळून १ सेंटिमीटर दबायला १४० किलो लागतात.

भरली गाडी: १८०० भागिले १४०, म्हणजे जवळजवळ १३ सेंटिमीटर. हेलकावे सेकंदाला १.४. मस्त.

रिकामी गाडी: ५०० भागिले १४०, साडेतीन सेंटिमीटरच्या जरा वर. हेलकावे २.६. म्हणजे गचके.

रिकामी पिकअप वाईट का चालते, याचं मुख्य कारण हे. स्प्रिंग खराब नाही. स्प्रिंग १८०० किलोसाठी बनवलेली आहे आणि तिच्यावर ५०० किलोच बसलंय. कारमध्ये चार माणसं बसली तरी वजन थोडंच बदलतं. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर ते साडेतीनपट बदलतं. आता या गाडीत पाटे पाचाचे सात करा: कडकपणा १९६, रिकामी असताना अडीच सेंटिमीटर, हेलकावे ३.१. आपण त्या ४ ते ८ च्या दिशेने निघालो. माल वाहताना गाडी मागून बसत नाही हे खरं, पण परतीच्या प्रत्येक किलोमीटरची किंमत तुमचा मणका देतो. वर पाट्यात न जिरलेला हादरा चेसिसला जातो, आणि हँगरच्या आसपास तडे दिसायला लागतात.

मग नुसते मऊ पाटे घालावेत का? कडकपणा अर्धा करू, ७०. रिकामी गाडी ७ सेंटिमीटर दबेल, हेलकावे १.९, छान. पण भरल्यावर जवळजवळ २६ सेंटिमीटर दबायला हवी. एवढी जागा ॲक्सल आणि चेसिसमध्ये असते का? नसते. गाडी रबरी स्टॉपवर जाऊन बसेल आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होईल.

उत्तर दोन टप्प्यांत आहे

म्हणून चांगले पाटे दोन टप्प्यांत काम करतात. पहिला टप्पा मऊ, रिकाम्या गाडीसाठी. वजन वाढलं की खालचा किंवा वरचा जाड हेल्पर पाटा टेकतो आणि दुसरा, कडक टप्पा सुरू होतो.

त्याच गाडीचा हिशोब करू. पहिला टप्पा ७० किलोला १ सेंटिमीटर. १० सेंटिमीटर दबल्यावर, म्हणजे ७०० किलोला, हेल्पर टेकतो आणि कडकपणा २१० होतो. उरलेल्या ११०० किलोला आणखी सव्वापाच सेंटिमीटर. एकूण १५, म्हणजे आवाक्यातलं. आता हेलकावे बघा. रिकामी १.९. भरल्यावर हिशोब त्या वेळच्या कडकपणाने करायचा, १८०० भागिले २१०, त्यावरून येतात १.७. रिकामी आणि भरलेली गाडी जवळजवळ सारखीच चालते!

चांगला बदल म्हणजे हाच. पाटे वाढवणं नाही, काढणंही नाही. रिकाम्या वजनाला मऊ, भरल्या वजनाला आधार, आणि हेल्पर योग्य वेळी टेकणं. अनेक पिकअपना कंपनीकडूनच हेल्पर असतो. पण गाडी जुनी झाली, मुख्य पाटे बसले, की हेल्पर रिकाम्या गाडीतच टेकलेला असतो. मग पहिला टप्पा उरतच नाही. उद्या सकाळी गाडी सपाट जागी उभी करा आणि खाली वाकून बघा. रिकाम्या गाडीत हेल्परच्या टोकाशी फट दिसली पाहिजे. फट नसेल तर तुमचा रोग सापडला.

खर्चाआधी घर्षण

आता एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. पाटे एकमेकांवर घासतात. थोडं घर्षण चांगलं, ते हेलकावे विझवतं. पण पावसाळ्याचा चिखल, गंज, खताची पोती, मिठाची पोती, यांनी पाट्यांमध्ये गंजाचे थर बसतात. मग लहान खड्ड्याला पाटे सरकतच नाहीत. सगळा संच एका जाड लोखंडी ठोकळ्यासारखा वागतो. गाडी स्प्रिंगवर नाही, नुसत्या टायरच्या हवेवर उडते, आणि ते हेलकावे ४ च्या पुढे सहज जातात. नेमके शरीराला नको तिथे.

म्हणून नवे पाटे घेण्याआधी हे करा, याच क्रमाने.

पहिलं, टायरची हवा. भरल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी पळवली तर टायर दगड होतो. कंपनीच्या तक्त्यात दोन्ही आकडे असतील तर दोन्ही पाळा, आणि माल भरण्याआधी हवा परत वाढवायला विसरू नका.

दुसरं, शॅकल आणि बुश. शॅकल जाम झाली की पाट्याला लांबायला जागा नाही, म्हणजे पाटा कितीही मऊ असो, तो दबणारच नाही. बुश बदलताना एक चूक सर्रास होते: गाडी जॅकवर लटकलेली असतानाच बोल्ट पूर्ण आवळतात. रबरी बुश त्या लटकलेल्या अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर टेकवा, गाडीचं वजन पाट्यावर येऊ द्या, मग शेवटचं आवळा.

तिसरं, पाटे खोलून साफ करणं. वायर ब्रशने गंज काढा, तडा बघा, टोकांखालचे प्लास्टिकचे तुकडे झिजले असतील तर बदला. साध्या पोलादी पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात पुरतो. जिथे रबरी किंवा प्लास्टिकचे तुकडे आहेत तिथे कंपनी काय सांगते ते पाहून मगच वंगण लावा.

चौथं, शॉकअप. घर्षण कमी झालं की हेलकावे विझवण्याचं काम शॉकअपवर येतं. तेल गळालेला शॉकअप असेल तर साफ केलेली गाडी आधीपेक्षा जास्त डुलेल, आणि तुम्ही म्हणाल पाटे साफ करून बिघडवले.

एवढं करून गाडी सुधारली तर थांबा. बरेचदा इथेच काम होतं.

बदलायचंच असेल तर

आधी आपली गाडी मोजा. रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या, फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा, वजन लिहा. चेसिसपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, लिहा. नेहमीचा माल भरून तेच परत करा. वजनातला फरक भागिले अंतरातला फरक, हा तुमच्या पाट्यांचा खरा कडकपणा. टेप आणि काट्याची पावती, एवढ्यावर काम होतं. पाटेवाल्याकडे "मऊ पाहिजे" म्हणून जाण्यापेक्षा हा कागद घेऊन जा.

मग दोन रस्ते. एक, कंपनीच्या मापाचा नवा पूर्ण संच, हेल्परसह, दोन्ही बाजूंना एकदम. दुसरा, तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर पॅराबोलिक पाटे. त्यात दोन-तीनच पाटे असतात. प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत जातो, आणि पाटे एकमेकांना फक्त मध्ये आणि टोकांना टेकतात. घर्षण कमी, वजन कमी, लहान खड्डे छान पितात. पण शॉकअप चांगला लागतो. आणि पाटे कमी असल्यामुळे एक तुटला तर वजन झेलायला मागे फार कुणी उरत नाही. नेहमी क्षमतेपेक्षा जास्त भरणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

बसवताना यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेले जुने बोल्ट पुन्हा तीच पकड देतीलच असं नाही. चारही बोल्ट आलटून पालटून, कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळा आणि काही शे किलोमीटरनंतर परत तपासा. ते ढिले राहिले की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल सरकते. गाडी तिरकी चालताना दिसते ती बहुतेक अशीच.

आता ब्रेक. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक दांडी चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जाते. गाडी किती दबली यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. पाटे कडक केले तर गाडी भरूनही दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचे ब्रेक कमी लावतो. भरल्या गाडीला घाटात ब्रेक कमी! उलट पाटे बसले असतील तर रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात. म्हणून पाट्यांची उंची बदलली की हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने परत जुळवलाच पाहिजे. मेकॅनिकला हे आवर्जून विचारा. त्याने "कसला व्हॉल्व्ह" विचारलं तर दुसरा मेकॅनिक शोधा.

शेवटी कायदा. पाटे वाढवल्याने आरसी बुकातली क्षमता वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा मालाला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. पाटे सात केले म्हणून टायर, ब्रेक, ॲक्सलचं बेअरिंग बदललेलं नसतं. ते जुन्याच वजनासाठी बनवलेले असतात.

प्रश्नोत्तरं

*आमच्याकडे भट्टीत तापवून पाट्याला परत कमान काढून देतात. स्वस्तात होतं. करावं का?*

स्प्रिंगच्या पोलादाची ताकद त्याला दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेत असते. लाल करून ठोकलं आणि हवेत गार होऊ दिलं की ती ताकद गेली. कमान दिसायला सुंदर होते आणि थोड्याच दिवसांत परत बसते. तापवल्यावर तेलात विझवून, मग ठराविक तापमानाला परत तापवून नरमाई आणण्याची सोय ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच हे काम द्या. थंड पाटा प्रेसवर दाबून कमान काढणं त्यातल्या त्यात बरं, पण थकलेल्या पोलादाला ते नवं करत नाही. आणि पाट्याला वेल्डिंग? कधीच नाही. वेल्डिंगच्या शेजारी पाटा ठिसूळ होतो आणि तिथूनच तुटतो.

*माझ्या गाडीची उजवी बाजूच बसली आहे. एकाच बाजूचा पाटा बदलला तर चालेल?*

नाही. नवा आणि जुना पाटा सारखे दबत नाहीत, वळणावर गाडी दोन्ही बाजूंना वेगळी झुकेल. जोडीनेच बदला. पण त्याआधी उजवी बाजूच का बसली ते बघा. माल नेहमी एका बाजूला पडतो का? एखादा पाटा आत तुटलेला आहे का? कारण तसंच राहिलं तर नवी जोडीही तशीच बसेल.

*चेसिस आणि ॲक्सलमध्ये हवेच्या पिशव्या बसवतात, त्या कशा?*

कल्पना चांगली आहे. माल असेल तेव्हा हवा भरायची, रिकामी असेल तेव्हा पिशवीच्या कंपनीने सांगितलेल्या किमान दाबापर्यंत उतरवायची. म्हणजे तुम्ही स्वतःच हेल्पर चालू-बंद करता. पण लक्षात ठेवा, पाट्याचं वजन हँगर आणि शॅकल या दोन ठिकाणी चेसिसवर येतं, पिशवीचं मधल्या एका ठिकाणी. चेसिस तिथे त्यासाठी मजबूत केलेली असतेच असं नाही. म्हणून बसलेली गाडी सावरायला वापरा, जादा माल भरायला नाही. आणि ब्रेकच्या त्या व्हॉल्व्हचं जे सांगितलं, ते इथेही लागू आहे.

*सर, एवढं सगळं करायला वेळ कुणाला आहे? भाडं सोडून कोण बसणार?*

बरोबर आहे. मग आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी करा. हेल्परखालची फट बघा, आणि शॅकल हलते का बघा. पाच मिनिटं लागतील. भाडं तुम्हाला जाताना मिळतं, पण परतीचे किलोमीटरही तुमच्याच पाठीवरून जातात. त्यांचाही हिशोब ठेवा.